घर बंद आढळले

प्रिय ताई,

“तू शहर आवर, तुझं कपाट आवरायला मी आहेच.” नगरपालिकेचं नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी तू हे वाक्य माझ्या अंगावर टाकलं होतंस. एकवीस वर्षं झाली. तू माझ्या उघड्या कपाटासमोर फतकल मारून बसली होतीस, मांडीवर माझ्या चुरगळलेल्या कपड्यांचा डोंगर, आणि मी ते पत्र हातात धरून खोलीभर येरझाऱ्या घालत होते. आई हसून हसून खोकायला लागली. मला राग आला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या बातमीची तू चेष्टा केलीस असं वाटलं आणि दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. आता वाटतं, तू चेष्टा करत नव्हतीस, कामाची वाटणी करत होतीस. तुझ्या वाटणीचं तू चोख केलंस.

तेव्हा दोन दिवसांचा अबोलाही मोठा वाटायचा. आताचा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. फोन केला असता तर नाव बघून तू तो पालथा घातला असतास, आणि दारात आले असते तर... दाराचं पुढे सांगते. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये बसले आहे, चारी बाजूंना नकाशांच्या गुंडाळ्या, टेबलाचा एक पाय आखूड. शिपाईमामा दोनदा डोकावून गेले. “मॅडम, डबा तसाच आहे तुमचा,” म्हणाले. मी म्हटलं, खाते. चार ओळी लिहिते, उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येते. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

आधी बातमी सांगून टाकते, नाहीतर मी नुसती गोल गोल फिरत राहीन. शहराच्या पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा तयार झाला आहे आणि त्यात तुझ्या घरावर आरक्षण पडलं आहे. म्हणजे नकाशात तुझ्या घराच्या जागी नगरपालिकेची इमारत दाखवली आहे. येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत तू लेखी हरकत घेतली नाहीस तर ते कायम होईल आणि आज ना उद्या घर पाडलं जाईल. आज बुधवार आहे. आणि ती इमारत कशाची ते ऐक. पाळणाघराची. ज्या घरात अकरा मुलं रोज सकाळी येतात, जेवतात, झोपतात, भांडतात, ते घर पाडून आम्ही तिथे पाळणाघर बांधणार आहोत. तू हे वाचून मोठ्याने हसशील, मला माहीत आहे. मग हसणं थांबवून परत पहिल्यापासून वाचशील.

तू नेहमी विचारायचीस, तुमची ती नगरपालिका म्हणजे नक्की कोण गं, बोटं मोडायची तर कुणाच्या नावाने ते तरी सांग. मी कधी नीट सांगितलंच नाही. आमची इमारत तीन मजली आहे. तळमजल्यावर नुसत्या खिडक्या. जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले, नळाच्या तक्रारी, अर्ज घ्यायचे आणि पोच द्यायची. लोक भांडतात ते तिथेच, कारण समोर माणूस दिसतो तो तिथेच. त्याच्यावर आम्ही पगारी माणसं, खात्याखात्यांत वाटलेली: पाणी, रस्ते, आरोग्य, कचरा आणि आमचं नगररचना. आमच्या सगळ्यांवर मुख्याधिकारी. आम्ही आकडे काढतो, नकाशे करतो, टिपणं लिहितो, पण ठरवत काहीच नाही. ठरतं ते सर्वांत वरच्या मजल्यावर, सभागृहात. तिथे तुम्ही निवडून दिलेली एकतीस माणसं बसतात, आणि आराखड्यापुरती त्यांच्यातल्या पाचजणांची नियोजन समिती असते. खाली ओरडणाऱ्याला वरचं ऐकू येत नाही, वर हात उंचावणाऱ्याला खालचं ऐकू येत नाही. मधल्या मजल्यावर आम्ही दोन्ही ऐकतो आणि दोघांनाही “बघतो” म्हणतो.

आराखड्याची सुरुवात मात्र रस्त्यावर होते. आधी घरोघर पाहणी. कुठे लोक राहतात, कुठे दुकान आहे, कुठे जागा नुसती पडून आहे. एका घराला एक ओळ. घराला कुलूप असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीन खेपा घालायच्या, तिन्ही तारखा टाकायच्या, मगच “घर बंद आढळले” असं लिहून खाली सही करायची. नकाशात अशा घराला राखाडी रंग देतात. दुसऱ्या बाजूने वॉर्डांच्या मागण्या येतात. तुमच्या वॉर्डातून एकशे सत्तर बायकांच्या सह्यांचा अर्ज आला होता: आम्ही कामावर जातो, मुलं ठेवायला जागा पुरत नाही, पाळणाघर द्या. नगरसेविकाबाईंनी तो सभागृहात वाचून दाखवला, सगळ्यांनी टेबलं वाजवली. आमच्या तक्त्याप्रमाणेही एवढ्या वस्तीला एक पाळणाघर हवंच, आणि तुमच्या वॉर्डात नोंदलेलं एकही नव्हतं, कारण तू तुझं कधी नोंदवलंच नाहीस! मग जागा शोधायची. माणसं राहतात ते घर घ्यायला जीव धजत नाही, म्हणून आधी राखाडी घरं बघतात. तुमच्या वॉर्डात पुरेसं मोठं आणि रस्त्याला लागून असलेलं राखाडी घर एकच निघालं. सगळं नियमाने झालं, ताई. कागद वाचला तर वाटेल, किती विचारी माणसं आहेत ही.

माझ्याकडे रस्ते आणि वाहनतळ होते. आरक्षणांचा तक्ता दुसऱ्या टेबलावर झाला, आणि त्या तक्त्यात घराला नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. मला कळलं ते गेल्या आठवड्यातल्या सोमवारी. आराखडा तळमजल्यावर लोकांना बघायला लावलाय आणि समजावून सांगायला आमच्यापैकी एकजण आळीपाळीने टेबल टाकून बसतो. एक बाई आली, कामाच्या गणवेशात, गळ्यात ओळखपत्र, घाईत. “आमचं पाळणाघर कुठे दाखवलंय?” मी क्रमांक बघून बोट ठेवलं. तिने वाकून कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान शोधलं, तिथून आपलं बोट सरकवत आणलं आणि म्हणाली, “अहो, पण इथे तर ताई आहेत.” मी विचारलं, कोण ताई? माझ्या तोंडून गेलं गं. ती म्हणाली, “ताई म्हणजे ताई. माझी मुलगी त्यांच्याकडेच असते. त्यांच्याकडे आता मुंगी शिरायला जागा नाही म्हणून तर सह्या केल्या आम्ही. त्यांना उठवा असं कुठे लिहिलं होतं?” मी म्हणाले, मोठं होईल, पक्कं होईल. “कधी?” पाच-सात वर्षांत. “तोवर माझी मुलगी तुम्हालाच सांभाळायला येईल,” ती म्हणाली. मागे उभा असलेला माणूस फस्सकन हसला. मी तिला खालच्या आवाजात सांगितलं, हा कच्चा नकाशा आहे, बदलेल, ताईंना एवढ्यात सांगून घाबरवू नका. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. गणवेशातल्या माणसाने टेबलामागच्या माणसावर ठेवावा तसा.

ती गेल्यावर मी नोटिशींची फाइल काढली. मालकाला नोटीस टपालाने जाते, आणि आमच्या दप्तरी मालक अजून भाऊजीच आहेत. पाकीट परत आलेलं होतं. वर पोस्टमनच्या तिरक्या अक्षरात: “इसम मयत. पत्नी घेत नाहीत.” मला तुझा आवाजच ऐकू आला. “जाऊन दहा वर्षं झाली त्यांना, नगरपालिकेला अजून पत्ता नाही? न्या परत.” भाऊजींच्या नावाचं पाकीट तू कधीच फोडत नाहीस. दर महिन्याला यायचं ते त्यांचं यंत्रदुरुस्तीचं मासिकसुद्धा तू तसंच कपाटावर रचून ठेवायचीस, आणि आई म्हणायची, अगं निदान चित्रं तरी बघू दे मला.

मी आरेखकाकडे गेले, जो रंग भरतो त्याच्याकडे. म्हटलं, एका घराचा रंग चुकलाय, बदलता येईल का? तो म्हणाला, “मॅडम, प्रसिद्ध झालेल्या नकाशातला ठिपकासुद्धा आता हलत नाही. हलवायचा तर हरकत लागते.” मग साहेबांकडे गेले. त्यांना सगळे पाठीमागे मोजपट्टी म्हणतात, बोलतानाही ते हवेत दोन बोटांनी अंतर मोजत असतात. मी म्हटलं, सर, एका नोंदीत चूक आहे असं वाटतं. ते म्हणाले, “चूक झाली असेल तर हरकत येईलच. हरकत आली नाही, म्हणजे चूक झाली नाही.” आणि बोटांनी एवढंसं अंतर दाखवलं. त्या दिवसापासून मला कुठेच बसवत नाही. बसमध्ये जागा मिळाली तरी उभी राहते. तीनदा मी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि औषधाच्या दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन परत फिरले. दुकानदार म्हणाला, बाई, एकदा डोळे तपासून घ्या.

आई गेली त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. सहा वर्षं ती तुझ्याकडे होती. मी रविवारी यायचे, फळं आणायचे, तिच्या पायाशी बसून तुझ्याच हातचं जेवून जायचे. त्या दिवशी समितीपुढे मी नकाशा समजावत होते. शिपाईमामांनी चिठ्ठी आणून ठेवली. घडी केलेली. मला वाटलं, कुणीतरी जादा प्रत मागितली असेल. मी ती तशीच पेपरवेटखाली सरकवली आणि दीड तास रस्त्यांच्या रुंदीवर बोलले. मग धावत आले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि त्या सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, मला वेळेवर कळवायला काय झालं होतं? तू आईच्या उशाशी होतीस. मान वर न करता म्हणालीस, “कळवलं होतं. तुला वाचायला वेळ नव्हता.” मावशी म्हणाली, अगं, आता नको. पण मी थांबले नाही. मी म्हणाले, सहा वर्षं सांभाळलीस म्हणजे आई एकटीची झाली नाही तुझी. हे मी म्हणाले. संध्याकाळी सगळे पांगल्यावर तू माझ्यासमोर तळहात पसरलास. मला आधी कळलंच नाही, मग पर्समधून तुझ्या घराची किल्ली काढून तुझ्या हातावर ठेवली. त्यानंतर आपण बोललो नाही.

इथे एक तास गेला. मला वर बोलावलं होतं, जाऊन आले, काय बोलले आठवत नाही. आता दाराचं सांगते.

मागच्या थंडीत पाहणी सुरू झाली तेव्हा माणसं कमी पडली म्हणून आम्हालाही वॉर्ड वाटून दिले. तुमचा वॉर्ड माझ्याकडे आला. जोडीने जायचं असतं, पण माझ्या जोडीदाराचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी एकटी फिरत फिरत सकाळी साडेदहाला तुझ्या घरासमोर आले. पायरीवर चिमुकल्या बुटांची रांग होती. मी मोजले, अकरा जोड. प्रत्येक डाव्या बुटाला तू लाल दोरा बांधला होतास, म्हणजे कुठला कुठल्या पायाचा ते मुलांना कळावं. आत कुणीतरी भोकाड पसरलं होतं आणि तू म्हणत होतीस, “रड, रड, मी कुठे नको म्हणतेय, पण आधी नाक पुसू या.” दार अर्धं उघडंच होतं. बेल वाजवून मला फक्त विचारायचं होतं, या घरात किती माणसं राहतात? ताई, हा प्रश्न मी तुला विचारायचा? सहा पावलांचं अंतर होतं. मी पाहणीच्या कागदावर तारीख टाकली आणि शेजारच्या घराकडे वळले. पुढच्या आठवड्यात ऑफिसात बसून दुसरी तारीख टाकली. मग तिसरी. “घर बंद आढळले.” खाली सही माझी. स्वतःला सांगितलं, पुढे कुणीतरी फेरतपासणी करेल. पण खरं सांगू का, ते लिहिताना मला जरा बरं वाटलं होतं. तू मला दार बंद केलंस ना, मग घे.

हे मी साहेबांना सांगितलं. परवा, सोमवारी. तोंडी नाही, लेखी, एका पानावर, सहीनिशी. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि पान मला परत दिलं. “ही हरकत नाही, ही कबुली आहे. कबुलीचं रजिस्टर आपल्याकडे नाही.” मी म्हणाले, मग मुख्याधिकाऱ्यांकडे जाते. ते म्हणाले, “जा. चौकशी लागेल. तुमची लागेल, आराखड्याची नाही. चौकशीचा अहवाल येईपर्यंत आराखडा मंजूर होऊन छापूनसुद्धा येईल. बाधित माणसाची हरकत असल्याशिवाय समितीपुढे विषयच जात नाही, तुम्हाला शिकवायला हवं का मी?” नको होतं. नवीन मुलींना हेच मी शिकवते, आणि शिकवताना अभिमानाने सांगते की आपल्याकडे सामान्य माणसाच्या एका कागदाला केवढी किंमत आहे बघा.

मी चौथीत होते तेव्हा शाळेतला पृथ्वीचा गोल माझ्या हातून पडून फुटला होता, तुला आठवत असेल. तू सातवीत होतीस. कुणी फोडला विचारल्यावर तू वर्गाबाहेरून आत आलीस आणि म्हणालीस, मी. आठवडाभर तुला व्हरांड्यात उभं केलं होतं. मी रोज तुझ्यासमोरून मान खाली घालून जायचे. शेवटच्या दिवशी मी विचारलं, का केलंस? तू म्हणालीस, “तू रडली असतीस. मला उभं राहायचा कंटाळा येत नाही.” इतकंच. घरी कधी सांगितलं नाहीस, मला कधी ऐकवलं नाहीस, भांडणातसुद्धा. म्हणून पुढचं लिहायला हात उचलत नाही.

पत्रासोबत एक कागद जोडला आहे. तुझी हरकत. मी टाइप करून आणली आहे, तुझी फक्त सही हवी. “माझ्या घरात पाळणाघर चालतं” एवढ्याच मुद्द्यावर हरकत टिकणार नाही, ताई. नोंद नाही म्हणून समिती ती फेटाळेल, आणि वर तुला ते बंद करायची नोटीस येईल. टिकेल तो मुद्दा एकच: या तीन तारखांना माझ्या घरी कुणीही आलं नाही, माझं घर उघडं होतं, आणि पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने खोटी नोंद केली. त्या तारखांना तुझ्या पायरीवर मुलं सोडून गेलेल्या सगळ्या आया साक्षीला आहेत. हे आलं की नोंद रद्द, राखाडी रंग रद्द, आरक्षण रद्द. कागदावर अधिकाऱ्याचं नाव लिहावं लागतं, ते मी लिहिलं आहे. मला निलंबित करतील, कदाचित नोकरी जाईल. त्याची तजवीज माझी मी बघेन. उद्या सकाळी मी त्या गणवेशातल्या बाईला गाठून सगळं खरं सांगणार आहे आणि हे पाकीट तिच्या हाती देणार आहे, म्हणजे मुलीला सोडताना ती ते तुला देईल. पाकिटावर तुझंच नाव आहे, फोड. शुक्रवारी हरकती घेण्याच्या खिडकीत मीच बसणार आहे, ड्यूटी लागली आहे. तुला कागद माझ्याच हातात द्यावा लागेल. मी शिक्का मारीन, आवक क्रमांक घालीन, पोच देईन. तुला एक शब्द बोलावा लागणार नाही. तू माझं नाव खोडायला बघशील, म्हणशील घर गेलं तर गेलं, पण धाकटीच्या विरुद्ध मी लिहून देणार नाही. या बाबतीत तू माझं कधीच ऐकलेलं नाहीस, आताही ऐकणार नाहीस, हे धरूनच मागते आहे. माझं नाव तसंच राहू दे, ताई, आणि त्याखाली सही कर.

तुझीच, तू मानत असलीस तर,
धाकटी